पाठीमागची खुर्ची

आर्वो सारेलाची घडीची खुर्ची बावीस वर्षं एकाच जागी उघडली जात होती. क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर त्याची मुलगी लेम्पी चटईवर पालथी पडून नेम धरायची तिथे, तिच्या टाचांपासून चार पावलं मागे. खुर्ची ॲल्युमिनियमची, हिरव्या पट्ट्यांची, एक पट्टा तुटला होता तिथे मासेमारीची दोरी विणलेली. आर्वो तिच्यात बसायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दोनशे यार्डांवर गोळी किती गुणांच्या कड्यात लागली ते आणि तिची दिशा घड्याळाच्या काट्यांत सांगायचा. 'नऊ, तीन वाजता.' 'आठ, सहा वाजता.' 'दहा.' त्यापलीकडे एक शब्द नाही. मूळच्या फिनलंडच्या सारेलांच्या घरात 'वाईट नाही' म्हणणं म्हणजे डोक्यावर घेऊन नाचणं होतं, आणि ते दोन शब्द लेम्पीच्या वाट्याला कधी आलेले तिला आठवत नव्हते. पण खुर्ची होती. खुर्ची मागे आहे म्हटल्यावर शब्दांची तिला फारशी गरज वाटत नसे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात ती खुर्ची सहा फूट डावीकडे सरकली. लेम्पीच्या वहिनीच्या मागे.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली होती. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात फिनलंडहून जुन्या लष्करी रायफलींची पेटी आली होती, ग्रीसमध्ये लडबडलेली. अशी पेटी आली की आर्वो लेम्पीला फोन करायचा, आणि दोघं जाऊन, काही घ्यायचं नसलं तरी, एकेक उचलून बघून यायची. ह्या वेळी फोन आला तो भावाचा, वेसचा.

"पा आणि जनेल रायफल बघायला गेलेत. तू नाही गेलीस?"

"मला काय करायचंय?" लेम्पी म्हणाली, आणि दहाव्या मिनिटाला खिडकीच्या काचेला भरायची लांबी आणण्याच्या निमित्ताने दुकानात हजर झाली.

जनेल म्हणजे वेसची बायको. पुलाच्या खालची, म्हणजे मिशिगनच्या दक्षिणेकडची. हसरी, बोलकी, भेटल्यावर मिठी मारणारी. सारेलांच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे. आर्वो पहिल्या वेळी तिच्या मिठीत खांबासारखा उभा राहिला होता. आता मात्र ती दारात दिसली की हातातला कप आधीच खाली ठेवायचा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती त्याला 'पा' म्हणायला लागली. तेव्हापासून लेम्पीला तो शब्द तोंडात घेताना उष्टा वाटायचा.

दुकानाच्या काउंटरवर पाच रायफली आडव्या ठेवल्या होत्या. आर्वोने एक काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घातलं.

"बघ किती आत जाते. जास्त गेली तर तोंड झिजलंय. ती रायफल कितीही देखणी असो, भिंतीवर टांगायची."

मग त्याने बोल्ट काढला, नळी खिडकीकडे धरली आणि स्वतः न बघता जनेलच्या हातात दिली. "काय दिसतं?"

जनेलने एक डोळा मिटला. "काळोख. थांबा... नाही. वळत गेलेल्या रेघा. पाण्यासारखं चमकतंय, पा!"

"रेघा धारदार आहेत की बोथट?"

"धारदार."

"मग ही बाजूला ठेव."

लेम्पी लांबीच्या डब्यांपाशी उभी होती. बावीस वर्षांपूर्वी तिची रायफल आली ती अशी: संध्याकाळी कामावरून घरी आली तर पलंगावर पडलेली. अमेरिकन सैन्यातली जुनी स्प्रिंगफील्ड. पा-ने निवडली, पा-ने साफ केली, पा-ने हिवाळाभर खपून चाप रेशमासारखा केला. ती रायफल म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट होती. पण 'काय दिसतं?' असं पा-ने तिला कधी विचारलं नव्हतं.

जनेलने शेवटी घेतली ती फिकट बर्च लाकडाची, दस्त्यावर ज्वाळांसारख्या लहरी असलेली.

"लाकडाशी लग्न लावतेस का?" आर्वो म्हणाला.

"हिची नळी पण चांगली आहे. तुम्हीच म्हणालात बाजूला ठेव."

आर्वोने आता स्वतः नळीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वाईट नाही," तो म्हणाला.

लेम्पी लांबी न घेताच घरी गेली.

*

रायफल खोलायचं काम आर्वोच्या घरामागच्या वर्कशॉपात निघालं. लेम्पी दोन घरं पलीकडे राहायची, एकटी. तिचं लग्न मोडून नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून ती तशीच ॲप्रनवर आली, कारण बोलावलं नसतं तरी तिला राहवलं नसतं. पण बोलावलं होतं.

"तू बघ जरा तिच्याकडे," आर्वो म्हणाला होता. "ती नवखी आहे."

तेवढ्यात घरात झोपलेली टिल्डा उठली आणि टाहो फोडला. जनेलची आठ महिन्यांची पोर, दात येत होते, आणि त्या आठवड्यात तिला तिच्या आजोबांशिवाय, तिच्या उक्कीशिवाय, कुणी चालत नव्हतं. जनेलने हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला, पण आर्वोनेच तिला थांबवलं. "तू तुझं काम कर. मी बघतो." आणि तो आत गेला.

जनेलने खालचा स्क्रू काढला, मागचा काढला, नळीवरची कडी सरकवली आणि लोखंड लाकडातून अलगद वर उचललं. त्याबरोबर तीन काळे तुकडे ट्रेमध्ये पडले. नखाएवढे, ग्रीसने माखलेले.

"शी! किती घाण!" जनेल म्हणाली आणि चिंध्यांनी पुसायला लागली. "लेम्पी, तो ट्रे रिकामा करतेस का? माझे हात बघ. ह्या हातांनी मी पोरीला घेतलं तर ती माशासारखी निसटेल."

लेम्पीने ट्रे उचलला. एक तुकडा अंगठ्याने चोळला. ग्रीसखालून पितळ चमकलं. कात्रीने कापलेली पातळ पत्री. दुसरीही तशीच. तिसरीवर कुणीतरी सुईने ओरखडून इवलासा बाण काढला होता.

तिला लगेच कळलं. लाकूड आणि लोखंड एकमेकांवर कसं टेकतं ह्यावर रायफलीचा सगळा नेम असतो. कुठल्या तरी हिवाळ्यात, कुठल्या तरी फिनिश कारागिराने ही रायफल मारून बघितली असेल, एक पत्री घातली असेल, पुन्हा मारून बघितली असेल, दुसरी घातली असेल. ती घाण नव्हती. ती त्या माणसाची आठवडाभराची मेहनत होती.

'अगं, थांब, हे फेकू नकोस.' एवढंच म्हणायचं होतं.

आणि तेवढ्यात घराच्या उघड्या खिडकीतून आर्वोचं गाणं आलं. फिनिशमध्ये, घोगऱ्या आवाजात, सूर सोडून. अस्वलाची आई अस्वलाच्या पिल्लाला मधाचं झाड दाखवते ते. त्याच्याच आईने रचलेलं, घराबाहेर कुणाला माहीत नसलेलं. लेम्पीने ते चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पा-ला ते अजून येतं हेच तिला माहीत नव्हतं. लेम्पीची आई गेल्यावर, इतक्या एकट्या हिवाळ्यांत, एकदाही त्याने ते गुणगुणलं नव्हतं. आणि आता जनेलच्या पोरीसाठी अख्खं, कडव्याकडव्यानं.

लेम्पीचा हात ॲप्रनच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

थोड्या वेळाने आर्वो टिल्डाला खांद्यावर घेऊन वर्कशॉपात आला. त्याने लाकडाच्या खोबणीत बोट फिरवलं. "मध्ये काही होतं का? लाकूड आणि लोखंडाच्या?"

"ग्रीस होतं. ढीगभर," जनेल म्हणाली.

आर्वोने लेम्पीकडे पाहिलं. "लेम्पी?"

"नाही. काही नव्हतं."

त्याने मान हलवली आणि विषय संपला. लेम्पीने पिळलेला स्क्रू तो नेहमी स्वतःच्या हाताने पुन्हा पिळून बघायचा, बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तिचा शब्द मात्र त्याने कधी पिळून बघितला नव्हता.

*

पहिल्या शनिवारी जनेलच्या दहा गोळ्या कागदावर दहा दिशांना गेल्या. टार्गेटांखाली खणलेल्या खड्ड्यातली माणसं प्रत्येक गोळीनंतर टार्गेट खाली ओढायची, भोकात पांढरी चकती लावायची आणि पुन्हा वर करायची. चकती दर वेळी नव्या मुलुखात उगवत होती.

"जनेल, तुझी रायफल भारी स्वभावाची आहे हं," बड ओलसन म्हणाला. बड म्हणजे क्लबाचा सेक्रेटरी, सहा फूट चार इंच, क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत बारा वर्षं लेम्पीमागे दुसरा येणारा. "कुणालाच नाराज करत नाही. सगळ्यांना एकेक."

जनेल हसली, पण खालचा ओठ दाताखाली धरून. लेम्पीने स्वतःच्या दहा गोळ्या मुठीएवढ्या जागेत घातल्या. त्या रात्री तिला गाढ, गोड झोप लागली. खोटं कशाला बोला.

दुसऱ्या शनिवारपर्यंत आर्वोने नळीत अमोनिया घालून जुना तांब्याचा थर काढला. तिसऱ्यापर्यंत चाप घासून हलका केला, पुढची नेमाची माशी केसभर उजवीकडे घेतली. मग जड गोळ्यांची काडतुसं घरी भरली, दारू दाण्यादाण्याने तोलून. खुर्ची आता कायमची जनेलच्या मागे उघडत होती, कारण आजारी माणसाच्याच उशाशी बसतात. लेम्पीचा डाव असा उलटला होता. तिने रायफल आजारी पाडली होती आणि पा-ला तिच्या उशाशी नेऊन बसवलं होतं.

"आर्वो, एवढा कशाला जीव काढतोस?" बड म्हणाला. "डब्याच्या पत्र्याचा तुकडा सरकव मध्ये. कोण बघतंय?"

क्लबाचा नियम जुना होता: जुन्या रायफलींच्या स्पर्धेत सैन्याने घातलेलं चालतं, तुम्ही घातलेलं चालत नाही. तो नियम आर्वोनेच लिहिला होता.

"मी बघतोय," आर्वो म्हणाला.

"मग आधी काहीतरी असणार तिथे. फिनिश लोक घालायचे म्हणतात. साफ करताना पडलं असेल."

आर्वो खुर्चीतून उठला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो कधी बोलत नसे, पण तेव्हा बोलला. "लेम्पी होती तिथे. काही नव्हतं म्हणाली. आणि लेम्पीच्या नजरेतून काही सुटत नाही."

मैदानावरच्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बडने टोपी उचलली. "हे मात्र खरं."

चव्वेचाळीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, चारचौघांत आलं, आणि लेम्पीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. त्या पत्र्या अजून ॲप्रनच्या खिशातच होत्या. तिने तो ॲप्रन धुतला नव्हता, घातला नव्हता. दाराच्या खिळ्यावरून तो तिच्याकडे बघत असायचा.

स्पर्धेला आठवडा उरला तेव्हा आर्वो तिच्या घरी आला. हातात दुर्बीण, तिच्या चामड्याच्या डब्यासकट. कॉफी घेतली. वेलचीच्या गोड पावाचा, निसूचा, तुकडा कॉफीत बुडवला आणि खायचा विसरला. तो कपात विरघळून गेला.

"ही तू ठेव," तो म्हणाला.

"का?"

"नळी चांगली असती तर आतापर्यंत नेम लागला असता. म्हणजे नळी चांगली नाही. मी बराच वेळ बघितली दुकानात. मला चांगली दिसली." त्याने डोळे चोळले, आधी एक, मग दुसरा, जणू कुठला चोर आहे ते शोधतोय. "डोळा गेला, लेम्पी. त्या पोरीच्या गळ्यात खोटा माल बांधला मी. आता मैदानावर येत नाही. खुर्ची टांगून ठेवली."

"पा, असं काही नाही..."

"तू काय, तू चांगलंच बोलणार."

तो गेला. लेम्पी कपाच्या तळातला गाळ बघत बसली. तिला जनेलकडून खुर्ची परत हवी होती. तिने पा-चे डोळेच काढून घेतले होते.

*

शनिवारी चार वाजता सौना, घरामागची वाफेची न्हाणी, तापायची. आधी बायका आणि लेकरं, मग पुरुष. सारेलांकडे हा क्रम कधी बदलला नव्हता. आणि दुसराही एक नियम होता, लेम्पीच्या आजीने घालून दिलेला: सौनात चर्चमध्ये वागतो तसं वागायचं. तिथे भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. स्पर्धा उद्यावर, रविवारवर, आली होती. लेम्पीने म्हणूनच ती जागा निवडली. तिथे जनेलला ओरडता येणार नव्हतं. मत्सराबरोबर भित्रेपणाही येतो, जुळ्या भावासारखा.

टिल्डाला खालच्या पायरीवर कोमट पाण्याच्या बादलीत बसवलं होतं. ती पाण्यावर थापा मारत होती. दोघी वर बसल्या होत्या, घामाने निथळत.

"मी उद्या नाही मारत," जनेल म्हणाली. "सोडून देते. रायफल चांगली असेल गं. मीच वाईट असेन. पा-ला वाटतंय त्यांचं चुकलं, आणि मला ते बघवत नाही." तिने गुडघे जवळ घेतले. "वेडेपणाच होता. पण तुला सांगू? आठवड्यातले ते दोन तास माझे हात माझे असायचे. बाकी सगळा वेळ माझ्या हातात कुणीतरी असतं. माझं लाडकं असतं, पण असतं. चटईवर पडलं की फक्त तो काळा ठिपका. कुणाला भूक नाही, कुणाचं लंगोट ओलं नाही."

लेम्पीने दगडांवर पाणी ओतलं. वाफ उसळली. वाफेत तोंड दिसत नव्हतं तेवढ्यात ती बोलली.

"त्या रायफलीत तीन पत्र्या होत्या. पितळेच्या. तू ट्रे माझ्याकडे दिलास तेव्हा. मी खिशात घातल्या."

जनेलने गुडघे सोडले. "कुठल्या पत्र्या?"

"त्यांच्यावरच तिचा नेम आहे. मला तेव्हाच कळलं होतं. पा-ने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

वाफ खाली बसली. मग पुलाखालून आलेली, चर्चचे नियम अंगात न मुरलेली जनेल उठून उभी राहिली, तिचं डोकं छताला आपटलं, आणि ती ओरडली.

"सहा आठवडे! सहा आठवडे मी रोज पोरीला झोपवून भिंतीवर ठिपका लावून श्वास रोखायची प्रॅक्टिस करतेय! वेस हसतोय मला! आणि तुझ्या ॲप्रनच्या खिशात? तू... तू गाय आहेस, लेम्पी! मोठ्ठी, दुष्ट गाय!"

टिल्डाने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि आनंदाने पाण्यावर दोन्ही हात आपटले.

"हळू," लेम्पी म्हणाली. "सौनात आहोत."

"खड्ड्यात गेली तुमची सौना!"

बाहेरच्या लाकडी बाकावर कुणीतरी खाकरलं.

आर्वो आपल्या पाळीची वाट बघत, टॉवेल खांद्यावर टाकून, भिंतीला टेकून बसला होता. ती भिंत जेमतेम दोन इंचांची होती.

"अंगावर पाणी घ्या," त्याचा आवाज आला. "पोरीला पुसा. मग वर्कशॉपात या." आणि थोडं थांबून, "ते घेऊन."

*

वर्कशॉपात आर्वोने टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता. लेम्पीने तीन पत्र्या त्यावर ठेवल्या. त्याने एक उचलून उजेडात धरली. त्याच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या डोळ्याला तो सुईचा बाण दिसला. लेम्पीला कळलं, कारण त्याचा खांदा जरासा खाली आला, ओझं टेकवल्यासारखा.

"का?" त्याने विचारलं.

जनेल दारात टिल्डाला कडेवर घेऊन उभी होती, केस ओले, चेहरा अजून लाल. तिच्यासमोर हे बोलायचं म्हणजे पुन्हा उघडं होण्यासारखं होतं. पण आज लेम्पीचं उघडं व्हायचं सगळं होऊन गेलं होतं.

"तू तिला विचारलंस. दुकानात. 'काय दिसतं?' म्हणून. मला कधी विचारलं नाहीस."

आर्वोला प्रश्न समजायला वेळ लागला. "तुला कशाला विचारू? तुला दिसायचंच."

"ते मला कसं कळणार, पा?"

त्याने पत्री रुमालावर ठेवली, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि लेम्पीसमोर धरला. "बसव."

"मी?"

"काढल्यास तू. बसव तू."

बाण नळीच्या तोंडाकडे. ती एक पुढच्या स्क्रूपाशी. दोन मागे, एकावर एक. पण कुठली खाली? तिने लाकडातले जुने ठसे बोटाने चाचपले, एकीच्या कडेला लाकडाचा तपकिरी डाग होता, ती खाली ठेवली. लोखंड खोबणीत उतरवलं. स्क्रू पिळले, आधी पुढचा, मग मागचा, मग पुन्हा पुढचा थोडासा. कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून ओढून बघितली. टोकाकडून सरळ आत सरकली आणि जिथे अडायला हवी तिथेच अडली.

जनेल जवळ येऊन बघत होती. "ती पट्टी मला दे," ती म्हणाली. अजून रागातच. तिने स्वतः एकदा ओढून पाहिली. "आणि उद्या नेम लागला नाही तर?"

"तर मी गाय," लेम्पी म्हणाली.

"ती तू तशीही आहेस."

आर्वोने हात पुढे केला. लेम्पीने सवयीने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला आणि बाजूला सरकली. आता तो पुन्हा पिळून बघणार, नेहमीसारखा. त्याने पातं स्क्रूच्या खाचेत ठेवलं. ठेवून तसाच थांबला. मग उचललं, रुमालाला पुसलं आणि स्क्रूड्रायव्हर खणात टाकून खण बंद केला.

"सौना थंड होतेय," तो म्हणाला आणि गेला.

*

रविवारी सकाळी लेम्पीने खिळ्यावरची खुर्ची काढून ट्रकमध्ये टाकली. पा-ला विचारलं नाही. तो शेजारी येऊन बसला तशी दुर्बीण त्याच्या मांडीवर ठेवली. मैदानावर पोहोचल्यावर खुर्ची काखेत मारून ती चटयांच्या रांगेपाशी आली आणि दोन चटयांच्या मधे क्षणभर उभी राहिली. मग जनेलच्या चटईमागे गेली, चार पावलं मोजली आणि खुर्ची उघडली. नवखीच्या मागे माणूस लागतो. ती उघडताना तिला चांगलंच दुखलं. ते दुखणं एका स्क्रूने जाणारं नव्हतं.

"तुझ्या मागे का नाही?" आर्वो म्हणाला.

"बस गप."

तो बसला. टिल्डा वेसच्या मांडीवर, कानांवर हे भलेमोठे संरक्षक कप, टोपी घातलेल्या बेडकासारखी.

जनेलची पहिली गोळी आठात गेली. दुसरी नऊ. मग आर्वोचा आवाज आला, "दहा." पुन्हा "दहा." मग "नऊ, बारा वाजता. श्वास." पांढरी चकती आता एकाच अंगणात फिरत होती. बड स्वतःची रायफल खाली ठेवून बघायला लागला. जनेलने एकदा मान वळवून लेम्पीकडे पाहिलं. हसली नाही, पण नजर काढूनही घेतली नाही.

लेम्पीच्या शेवटच्या दहा गोळ्या राहिल्या होत्या. तिच्या मागे गवत होतं आणि वारा होता. आपली गोळी कुठे लागली हे तिला आता टार्गेट वर आल्यावरच कळत होतं, सगळ्यांसारखं. नऊ झाल्या. शेवटची दहात गेली तर बडशी बरोबरी, आणि बरोबरीत कप आधीच्या विजेत्याकडेच राहायचा, म्हणजे ह्याही वर्षी तिचाच. बडची बायको पलीकडे बोटांवर आकडेमोड करत होती. लेम्पीने नेम धरला. डावीकडे आर्वो जनेलला काहीतरी हळूच सांगत होता, आणि तिला ऐकू येत नव्हतं. तिने चाप ओढला.

टार्गेट खाली गेलं.

"लेम्पी." सहा फुटांवरून आवाज आला. दुर्बीण अजून जनेलच्या टार्गेटकडेच रोखलेली होती; आर्वोचं डोकं मात्र इकडे वळलं होतं. "नऊ. सात वाजता. खांदा टाकलास."

टार्गेट वर आलं. पांढरी चकती नऊच्या कड्यात होती, खाली, डावीकडे, जिथे घड्याळात सात वाजतात तिथे.

बड ओलसन एका गुणाने जिंकला. तेरा वर्षांनी. त्याने आरोळी ठोकली, बायकोला उचललं, तोल जाऊन दोघं गवतात पडली, आणि पुढचं वर्षभर तो हे कुणाला विसरू देणार नव्हता हे उघड होतं.

लेम्पी चटईवर तशीच पालथी पडून राहिली. गाल दस्त्याला टेकलेला होता. अक्रोडाच्या जुन्या लाकडाला तेलाचा वास येत होता. पा-चा डोळा शाबूत होता. तो खांद्यावर होता, तिच्या खांद्यावर, कागदावर गोळी पोहोचायच्या आधीपासून.

"वाईट नाही," डावीकडून पा म्हणाला. जनेलला म्हणाला. तिच्या शेवटच्या गोळीला, ती दहात गेली म्हणून.

लेम्पीने डोळे मिटून घेतले. दुखलंच.

मग ती उठली, चटई गुंडाळली आणि टिल्डाला घ्यायला वेसकडे गेली. जनेलचे हात अजून थोडा वेळ मोकळे राहू द्यावेत म्हणून.